आधी वरचं बूच

चाचांनी मला खोली द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला. नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नवरा कुठं असतो तेही नाही. मला नवरा नव्हता, पण धारूरला त्या काळी हा प्रश्न पाण्याच्या तांब्याच्याही आधी यायचा. ते अंगणात कडुलिंबाखाली बसून एक जुना पाना पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "आधीची खोली सोडली का?"

"सोडली की. आजच सामान काढलं," मी म्हणाले. मला वाटलं, पोरगी कामाला चोख आहे म्हणून खूश होतील.

त्यांनी पाना खाली ठेवला. "येडी हायेस का बेटा? आता मी न्हाई म्हनलो तर कुठं जाशील? गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्यात?"

माझी ट्रंक आणि गादी तेव्हा खरोखरच बाहेर रिक्षात होती. मला रागही आला आणि घामही फुटला. अर्धा तास त्यांनी मला उभं करून समजावलं आणि मग किल्ली हातावर ठेवली. "भरायची वाट मोकळी असल्याबिगर काढायला हात लावायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या तीन वर्षांत ते किती वेळा ऐकलं हे सांगायला बसले तर तुम्ही उठून जाल.

चाचा म्हणजे माझे घरमालक. साखर कारखान्याच्या गाड्यांच्या शेडमध्ये त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते अंगणातच किरकोळ कामं करत, पण मनाला आलं तर. ज्याला सगळे मेकॅनिक नट म्हणतात त्याला चाचा बूच म्हणायचे. नट धरून ठेवतो, बूच अडवतं, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही गाडीच्या तळाचं तेल सोडायचं असलं की ते आधी तेल भरायचं वरचं बूच खोलून बघत. ते सहज फिरलं तरच खाली हात. वरचं अडलं तर गाडी आल्या पावली परत. "तेल काय, कुणी बी काढंल. पोटात परत घालता आलं पायजे," असं म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावत. गल्लीतली पोरं पाठीमागे त्यांना 'वरचं बूच' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

एकदा त्यांची दाढ किडली. अंबाजोगाईच्या दातांच्या डॉक्टरांनी ती काढायला सांगितली. चाचा खुर्चीत बसून तोंड घट्ट मिटून राहिले. नवा दात आधी दाखवा, मगच जुना काढा. डॉक्टर म्हणाले, चाचा, आधी काढायचा, मग जखम भरली की माप घ्यायचं, असंच असतं. "मग तुमच्या धंद्यातच खोट हाय," असं सांगून चाचा सुजलेला गाल घेऊन एसटीनं परत आले. चाची त्या दिवशी हसून हसून चुलीपुढून उठून गेली. ती दाढ पुढं वर्षभरानं आपली आपणच पडली.

चाचीचा जीव मात्र या नियमानं मेटाकुटीला यायचा. त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. टँकर कधी सातव्या दिवशी यायचा, कधी दहाव्या. टाकीत दोन बोटं पाणी असायचं आणि चाचा टाकीच्या झाकणावर बसून असायचे. टँकर कोपऱ्यावर वळल्याचा आवाज येईपर्यंत शेवटच्या दोन बोटांना हात लावू देत नसत. स्वतः ते तेलाचे हात आधी भुशानं आणि मग राखेनं चोळत, पाण्याचा थेंब न लावता. त्यांच्या हातांना कायम चुलीचा वास असायचा.

आणखी एक खोड होती. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत ते कधीही बसत नसत. गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी नाही. "हकीम आपल्याच दवाईची चव घेऊन वा वा करतो, तसं व्हतंय," म्हणायचे. गाडी चालवून बघायची असली की मालकाला चालवायला लावत आणि स्वतः मागून चालत, मान एका बाजूला कलवून, आवाज ऐकत. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. त्यांना त्या चालीत बघून नवीन माणसाला वाटायचं, मयतीला निघालेत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. उरलाय तो दिसण्यापुरता. मी तालुका दूध संघात पर्यवेक्षक होते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर जायचं, दुधाचे नमुने तपासायचे, आणि त्या वर्षी जोडीला चारा छावण्या. नेमणुकीच्या वेळी चेअरमनसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मॅडम, फिरतीची नोकरी आहे. पायाचं कसं?" मी म्हटलं होतं, "गाडी आहे माझी." गाडी नव्हती. त्याच महिन्यात कर्ज काढून मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नसतो, गिअर ती आपली आपण बदलते, दोनच पायपट्ट्या आणि दोन्ही उजव्या पायाच्या. त्या गाडीत बसले की मी कुणाहून कमी नव्हते, आणि हे मला फार आवडायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वैशाखात ती गाडी बिघडू लागली. घाट चढताना इंजिन ओरडायचं आणि चाकं मात्र जागची हलेनात. मग एकदम धक्का द्यायची. एकदा मी घाटात दोन तास अडकले आणि पेटीतले नमुने नासले. चेअरमनसाहेब रागावले नाहीत, हेच वाईट होतं. ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आणखी एकदा असं झालं तर तुम्ही आपल्या ऑफिसात पंख्याखाली बसा. फिरतीला बघतो मी कुणीतरी." कुणीतरी म्हणजे त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा. तो मोटारसायकल पुसून तयारच होता.

बीडच्या गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, गिअरबॉक्सचं तेल जळलं असेल, बदलावं लागेल, गाडी पंधरा दिवस सोडा. पंधरा दिवस! सोमवारी सकाळी नऊला घाटाखालच्या छावणीवर चेअरमनसाहेबांची पाहणी होती. मी औरंगाबादहून त्या गाडीचं खास लाल तेल मागवलं आणि शनिवारी संध्याकाळी चार डबे चाचांपुढं मांडले.

त्यांनी एक डबा उचलून लिहिलेलं सगळं वाचलं, जणू काही कोर्टाचा कागद. "असली गाडी म्या कधी खोलली न्हाई," ते म्हणाले. "पन तेल ते तेलच. उद्या सकाळी बघू."

रविवारी सातला त्यांनी कारखान्यातून आणलेल्या सागवानी ठोकळ्यांवर गाडीचा पुढचा भाग चढवला. मला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायला लावलं. मग तेल बघायची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवला. थेंब काळा आणि कडेनं तपकिरी. त्यांनी वास घेतला आणि कागद मला दिला. करपलेल्या दुधासारखा वास होता. दूध संघातल्या बाईला तो वास वेगळा सांगावा लागत नाही.

वरचं बूच इंजिनाच्या खोबणीत होतं. चाचांनी पाना लावला. हललं नाही. केरोसीन सोडलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा लावला. हललं नाही. तिसऱ्या वेळी पाना किंचित घसरला आणि चाचांनी तो लगेच काढून घेतला. "कडा मरायल्यात," ते पुटपुटले. "कुनीतरी आधी लई जोरानं आवळलंय."

"मग?"

"वेल्डिंगवाल्याकडं पान्याचं सहा कोनी डोकं आन् मुठीला लावायला लांब पाइप हाय. घेऊन येतो." जाताना ते फाटकात थांबले. "बेटा, मी येस्तोवर खालच्या बुचाला हात लावायचा न्हाई."

"नाही लावत हो," मी म्हणाले. मला त्या नियमाचा कंटाळा आला होता हे खरं सांगते.

नऊ वाजले, साडेनऊ झाले. वेल्डिंगवाल्याचं दुकान कोपऱ्यावर, पण चाचांना रस्त्यात चार माणसं भेटत आणि ते चारही जणांच्या गाड्यांची चौकशी करत. पावणेदहाला माझा फोन वाजला. चेअरमनसाहेब.

"मॅडम, उद्या नऊला ना? गाडी ठीक आहे ना? नाहीतर आपली जीप पाठवतो. पण मग मंगळवारपासून तुम्ही टेबलाचं बघा. तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय."

"गाडी ठीक आहे साहेब. मी येते," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. मला वाटलं, तेल निथळायलाच अर्धा तास लागतो. चाचा येईपर्यंत ते निथळलं तर तेवढा वेळ वाचेल. वरचं काय, पाइप लावला की उघडेलच. मी गोणपाट अंथरलं, एक जुनी परात आत ढकलली, पाठीवर झोपून सरकत गाडीखाली गेले. खालच्या बुचाला चौकोनी खड्डा होता. पान्याची दांडी त्यात नेमकी बसली. मी जीव खाऊन ओढायला गेले, तर ते पहिल्याच हिसक्याला सुटलं. इतकं सोपं. गरम काळं तेल परातीत धो धो पडलं आणि मी गाडीखाली एकटीच हसले. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं.

चाचा फाटकातून आत आले ते पाइप खांद्यावर घेऊन. त्यांना परात दिसली नाही. आवाज ऐकू गेला. शेवटी थेंब थेंब पडत होतं, टप, टप. ते जागीच थांबले.

मी गाडीखालून बाहेर आले. मला वाटलं आता ओरडतील.  त्यांनी सहा कोनी डोकं वरच्या बुचावर बसवलं, मुठीला पाइप घातला आणि दोन्ही हातांनी हळूहळू जोर वाढवत नेला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. करकर असा बारीक आवाज आला. मला वाटलं, फिरलं. फिरलं नव्हतं. बुचाच्या उरल्यासुरल्या कडा गेल्या होत्या.

चाचांनी पाइप खाली ठेवला आणि ते परातीशेजारी उकिडवे बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता पोट रिकामं, तोंड बंद," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "चालवली तर दोन फर्लांगात गिअरबॉक्स जातो. वढून न्ह्यावी तरी पुढची चाकं फिरत्यात, तरी जातो. बूच ड्रिलनं फोडावं तर चुरा आत पडतो."

ऊन कडुलिंबातून खाली उतरत होतं. मला रडू आलं आणि रडायचा रागही आला. नोकरी गेली नव्हती, पण ती खुर्ची मला दिसत होती. पंखा, खुर्ची, आणि दारातून आत डोकावून "पायाचं कसं आहे?" विचारणारी माणसं. पुढची तीस वर्षं. मी म्हणाले, "चाचा, मला शिव्या तरी द्या."

 ते तेल बघायची पट्टी जिथून काढली होती त्या भोकाकडं बघत होते. करंगळी जाईल एवढं भोक. शेवटी त्यांनी चाचीकडून बारकं नरसाळं आणून लावलं आणि डब्यातलं तेल ओतलं. नरसाळ्याचं तोंड भोकापेक्षा जाड, निम्मं तेल बाहेर इंजिनावर सांडलं. त्यांनी लगेच हात मागं घेतला. आमच्याकडं चारच डबे होते, आणि रविवारी धारूरात तसलं तेल कुठं मिळणार?

तेव्हा मला डिकी आठवली. छावणीवरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईनच्या नळ्यांचं खोकं माझ्याकडं दिलं होतं, सोमवारी पोचवायला. जनावरांच्या नळ्या माणसांच्यापेक्षा जाड असतात.

"चाचा," मी म्हणाले, "सलाईन लावू या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता खरंच शिवी येणार. मग ते उठले. "आन," म्हणाले.

आम्ही एक नवी नळी काढली, मधली गाळणी कापून टाकली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा तळ कापला, बाटली उलटी करून कडुलिंबाच्या फांदीला टांगली, नळीचं टोक भोकात सोडलं. लाल तेल थेंबाथेंबानं नळीतून उतरू लागलं. शेजारची बाई फाटकाशी आली. "अगं बया, कुनाला लावलंय सलाईन?" चाचीनं घरातूनच उत्तर दिलं, "गाडीला रक्त चढवायलेत. बसा, च्या घ्या." पंधरा मिनिटांत निम्मी गल्ली भिंतीवर होती. एरवी मी असल्या गर्दीला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मान खाली घालून बसले.

एक लिटर उतरायला दोन तास लागणार होते. परातीतलं तेल चाचांनी माझ्याच दुधाच्या मापानं मोजलं. अडीच लिटर आणि वर थोडं. तेवढंच घालायचं, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. गर्दी पांगली. आम्ही दोघं झाडाखाली बसून नळीकडं बघत होतो. नळीत बुडबुडा अडकला की चाचा बोटानं टिचकी मारायचे.

मग ते आपणहून बोलू लागले.

"मोठा दुष्काळ पडलता त्या साली मी बावीस वर्साचा व्हतो. गावात सोसायटी व्हती, पान्याची. विहिरीवरचं इंजिन माझ्या ताब्यात. वरच्या माळावर सोसायटीनं नवी विहीर खांदली. पानी लागलं म्हनले. सगळे नाचले. जुन्या विहिरीचं इंजिन काढून तिकडं न्ह्या. मी म्हनलो, आधी नवीचं पानी दोन दिस टिकतंय का बघू. न्हाई म्हनले, आज काढ. आन् मला बी घाई व्हती बेटा. नव्या विहिरीवर पयलं इंजिन मी लावनार, असं नाव व्हनार व्हतं." त्यांनी नळीला टिचकी मारली. "जुन्या विहिरीचे पाइप उपसले. खालून कच्ची बाजू ढासळली, सगळी माती आत. मी म्हनलो, ठीक हाय, नवी हाय ना. नवीवर इंजिन लावलं. दुसऱ्या दिशी सकाळी गाळ वर आला. झालं."

"मग गावानं काय केलं?"

"काय करनार. उन्हाळाभर बाया तीन कोस पान्याला गेल्या. माझ्या दारावरूनच वाट. मला कुनी शिवी दिली न्हाई. तू म्हनतेस ना, शिव्या द्या? मी बी तेच मागत व्हतो."

त्या पावसाळ्यात त्यांनी गाव सोडलं. मी तीन वर्षं ज्या वाक्याला हसत होते ते वाक्य कुठून आलं हे मला त्या दिवशी कळलं. मला फार लाज वाटली. ती मी बोलून दाखवली नाही, आणि आता वाटतं, दाखवायला हवी होती.

सहा वाजता शेवटचा थेंब उतरला. मधल्या वेळात चाचांनी खालचं बूच बसवून घेतलं होतं आणि वरच्या बुचाला कानशीनं घासून दोन सपाट बाजू काढल्या होत्या, लहान पाना बसेल अशा. जोर मात्र लावला नाही. "ते थंड हाय, आता न्हाई ऐकनार," म्हणाले. गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. मी इंजिन चालू केलं. चाचा बोनेटपाशी कान लावून उभे. "ब्रेक दाबून धर. मागचा टाक."

मागचा गिअर पडला.

"आता पुढचा."

मी दांडी ओढली. काहीच झालं नाही. एक. दोन. तीन. चाचांनी डोळे मिटले. मग गाडीला अगदी हलका हिसका बसला, बसलेली गाय उठायच्या आधी अंग झाडते तेवढा. मी ब्रेक दाबून रडले. चाचांनी पट्टी काढून पुसली, घातली, पुन्हा काढली, खुणेवर बोट ठेवलं. "बराबर," म्हणाले. "पन घाटाशिवाय खरं न्हाई."

सोमवारी सातला मी बाहेर आले तर चाचा गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले. मांडीवर पिशवी. पिशवीत उरलेला तेलाचा डबा, पाना आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

"चाचा, तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही तर बसत नाही."

"चल," ते म्हणाले.

 घाट उतरताना आरशात मला त्यांचा कललेला कान दिसत होता. गाडी नीट उतरली, पण उतारावर सगळ्याच गाड्या नीट असतात. छावणी एक किलोमीटरवर राहिली तेव्हा एका बाभळीपाशी ते म्हणाले, "हितं थांब." आणि पिशवीसकट उतरले.

"का? चला की. तिथं सावली आहे, चहा आहे."

"तिथं चेअरमन हाय. तुझ्या गाडीत मानूस दिसला तर म्हनंल, ड्रायव्हर आनलाय. एकटी जा. काय झालं तर मी हितं हाय."

मी एकटी गेले. छावणीत शेकडो जनावरं उसाच्या वाढ्यांवर उभी होती आणि चेअरमनसाहेब जीपला टेकून. त्यांनी घड्याळ बघितलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या सीटवर नजर टाकली.

"ड्रायव्हर कुठंय?"

"मीच," मी म्हणाले.

 त्यांनी छावणीची वही माझ्या हातात दिली. वही माझ्या हातात आली म्हणजे फिरती माझीच राहिली, हे त्यांना कळलं आणि मलाही. मी चार तास काम केलं, दर जनावरापाशी गेले, मुद्दाम लंगडत. सलाईनचं खोकं डॉक्टरांना दिलं, एक नळी कमी असल्याचं सांगितलं आणि काही खुलासा केला नाही.

परत आले तेव्हा एक वाजला होता. चाचा बाभळीच्या फाटक्या सावलीत बसले होते. कॅन भरलेला होता, तसाच.

"पाणी नाही प्यायलात?"

"गाडीला लागलं असतं," ते म्हणाले आणि मागं बसले.

घाट चढू लागलो. ज्या वळणावर मी दोन तास अडकले होते ते वळण आलं. इंजिनाचा आवाज चढला.  चाचांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली, माझा खांदा धरल्यासारखी. गिअर बदलला. चाकं चालतच राहिली. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. माथ्यावर आलो तेव्हा मी हसत होते आणि चाचा ओरडत होते, "थांब, थांब, गरम हाय तवर थांब!"

त्यांनी बोनेट उघडलं, लहान पाना वरच्या बुचाला लावला आणि माझ्याकडं बघितलं. "तू वढ."

"मी?"

"काल तूच घाई केलीस ना? वढ आता."

मी दोन्ही हातांनी ओढलं. टक असा आवाज झाला आणि बूच फिरलं. काल ज्यानं आमचा जीव घेतला होता ते बूच, लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखं. चाचांनी ते पूर्ण काढलं, भोकात बघितलं, पुसलं, पुन्हा बसवलं आणि अगदी हलकं आवळलं. मग बोनेटला टेकून उभे राहिले. मी विचारलं, "चाचा, खरं सांगा, आज गाडीत बसलात ते का?"

त्यांनी कॅन उघडला, दोन घोट प्यायले आणि कॅन माझ्याकडं दिला. "विहीर गेली त्या दिशी माळावरून घरी आलो. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूला उभं व्हतं. एक मानूस बी म्हनला न्हाई, थांब, मी येतो संगं."

मी पाणी प्याले.  मी गाडीत बसले आणि मागचं दार उघडायची वाट बघत राहिले. दार उघडलं नाही.

"चाचा, बसा ना."

"वरचं बूच खुललं. आता गाडी दुरुस्त झाली," ते म्हणाले. "आता मी बसत न्हाई."

भर दुपारी, घाटाच्या माथ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत मी गाडी माणसाच्या चालीनं चालवली. आरशात ते दिसत होते. हातात पिशवी, मान एका बाजूला कललेली, आवाज ऐकत.